सायकल, साखर आणि धामापूरचा चढ

"डॉक्टरानू, काल माका ऊन लागला," असे म्हणत आमच्या मसुऱ्यातील एक निवृत्त मास्तर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात आले. वय ६४. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या नियमित. आदल्या दिवशी ते तेरा वर्षांच्या नातवाबरोबर सायकलने धामापूर तलावावर गेले होते. मी विचारले, "जानेवारीत सकाळी साडेनऊला ऊन कसे लागेल?" मास्तर हसले. पण सगळी हकीकत ऐकल्यावर मला हसू आले नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.

सायकल चालवा, असे मीच त्यांना सांगितले होते. सल्ला चुकीचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. सायकलीवर शरीराचे बरेचसे वजन बैठकीवर पडते, त्यामुळे चालण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी. स्नायूंना इन्शुलिनचा उपयोग अधिक चांगला करता येतो आणि रक्तदाबही आटोक्यात राहतो. हे सर्व मी मास्तरांना समजावले होते. फक्त गोळी आणि न्याहारी यांविषयी बोलायचे राहून गेले.

आता धामापूरचा रस्ता पाहू. मालवणहून कुडाळला जाताना चौके सोडल्यावर पुढे धामापूर लागते. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून हा तलाव इ. स. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधला असे सांगतात. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे, खाली माडापोफळीच्या बागा आहेत. २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. जाण्यासारखे ठिकाण आहे यात शंका नाही.

पण आपल्याकडचे रस्ते सायकलस्वाराला फसवतात. घाटात एकच मोठा चढ असतो, माणूस आधीच सावध होतो. इथे रस्ता खाडीकाठच्या वाडीतून सड्यावर चढतो, परत व्हाळाकडे उतरतो, पुन्हा चढतो. उतारावर दम परत आला असे वाटते, आणि पुढचा चढ पहिल्याइतकाच जोर मागतो. ६५ किलोचा माणूस आणि वीस किलोची जुनी काळी सायकल मिळून शंभर मीटर उंची चढायला शरीराला साधारण ऐंशी ते शंभर उष्मांक खर्च करावे लागतात. दिवसभरात असे लहान लहान चढ जोडले की बेरीज मोठी होते. नातवाच्या सायकलीला गिअर होते, मास्तरांच्या सायकलीला नव्हते. तरीही नातवाच्या मागे पडायचे नाही, हा हट्ट होताच.

त्या सकाळी मास्तरांनी साडेसहाला बिनसाखरेचा चहा घेतला, मधुमेहाची गोळी घेतली आणि निघाले. न्याहारी धामापूरला करू, असा बेत होता. चौक्याच्या पुढच्या एका चढावर त्यांचे हात थरथरू लागले. दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. नातवाशी ते चिडून, काहीतरी असंबद्ध बोलले. सायकल टाकून ते रस्त्याच्या कडेला बसले. जमलेल्या लोकांनी सांगितले, "ऊन लागला, सावलीत निजयात, पाणी पाजा." मास्तरांच्या बाटलीतील पाणी संपले होते, म्हणून नातवाने आपल्या बाटलीतील कोकम सरबत पाजले. आईने त्यात चांगली साखर घातली होती. दहा-पंधरा मिनिटांत मास्तर उठून बसले आणि "माका काय झालेला?" असे विचारू लागले.

मास्तरांना ऊन लागले नव्हते. त्यांच्या रक्तातील साखर घसरली होती. नातवाच्या बाटलीत साधे पाणी असते आणि मास्तरांना सावलीत निजवून ठेवले असते, तर ते बेशुद्ध झाले असते, कदाचित त्याहून वाईटही घडले असते.

हे का होते ते समजून घेऊ. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, आणि व्यायाम चालू असताना त्याला त्यासाठी इन्शुलिनचीही फारशी गरज लागत नाही. निरोगी माणसात अशा वेळी स्वादुपिंड इन्शुलिन कमी करते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. त्यामुळे तोल राहतो. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या प्रकारच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात. माणूस उपाशी आहे की चढ चढतो आहे, हे गोळीला कळत नाही. इन्शुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी क्वचितच घसरते. म्हणून आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे हे प्रत्येक मधुमेही माणसाने डॉक्टरांना विचारून ठेवावे.

रस्त्यावर येणारा घाम तीन कारणांचा असू शकतो. त्यांतील फरक वाचकांनी लक्षात ठेवावा.

पहिला, श्रमाचा आणि उष्म्याचा घाम. आपल्या किनाऱ्यावर हवा दमट असल्याने घाम लवकर वाळत नाही आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. यात तहान लागते, डोके दुखते, पायांत गोळे येतात. सावली, पाणी, मीठ घातलेले ताक किंवा सरबत यांनी बरे वाटते. मात्र अंग तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून, वारा घालून लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरा, साखर घसरल्याचा घाम. हा एकाएकी येतो. सोबत थरथर, धडधड, सपाटून भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो.

तिसरा, हृदयाचा घाम. हा गार असतो. छातीवर दडपण येते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, धाप लागते. मधुमेही माणसाला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. थांबल्यावरही दडपण किंवा धाप गेली नाही तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

मधुमेहावर गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला असा घाम आला आणि कारण कळत नसेल, तर आधी साखर द्यावी. साखर घसरली नसेल तर एवढ्याशा साखरेने नुकसान होत नाही. घसरली असेल तर प्राण वाचतो. प्रमाण असे: तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून पाजावे, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटल्यावर पोळी, केळे असे काहीतरी खायला द्यावे. सोलकढी, ताक किंवा साधे पाणी यांचा इथे उपयोग नाही. खाजे किंवा शेंगदाण्याचा लाडू गोड असला तरी त्यातील पीठ आणि तेल यांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे.

मग सायकल बंद करावी का? मुळीच नाही. मास्तरांना मी पुढीलप्रमाणे सांगितले.

चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास, सुरुवात करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. लांब पल्ल्याच्या दिवशी गोळी किती व केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने बदल करू नये. न्याहारी केल्याशिवाय निघू नये. घरी यंत्र असेल तर साखर मोजावी. ती शंभराच्या खाली असेल तर आधी खावे. खिशात ग्लुकोजची पुडी, बाटलीत पाणी आणि चिठ्ठीवर आजाराचे व औषधाचे नाव असावे. सोबत्याला सर्व सांगून ठेवावे. दिवसभर श्रम झाले असतील तर त्या रात्रीही साखर घसरू शकते, म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नये.

पहिला महिना गावातच चालवावी. खालच्या वाडीतून आंगणेवाडीच्या भरडावर चढावे आणि परत यावे, एवढेही पुरेसे आहे. चढावर सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. शब्द तुटू लागले की उतरून सायकल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. बैठकीची उंची अशी हवी की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बैठक फार खाली असली की गुडघ्याच्या वाटीपुढे दुखते. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम करकचून न दाबता थोडे थोडे दाबावे.

मास्तर त्यानंतर दीड महिना भरडावरच चढ-उतार करत होते. मार्चच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा धामापूरला जाऊन आले. या वेळी पोटभर घावणे खाऊन निघाले, गोळी मी सांगितल्याप्रमाणे घेतली, आणि दोन चढांवर सायकल हाताने ढकलली. नातू पुढे जाऊन वाट पाहत उभा होता. त्याच्या बाटलीत कोकम सरबतच होते, पण या वेळी ते त्यानेच प्यायले.

पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील पायांच्या चिखल्या आणि त्यांची काळजी.