ढिगाऱ्यांतून उभे राहिलेले क्रीडांगण
नव्या राजधान्यांची घडण : लेखांक सहावा

महायुद्धात जमीनदोस्त झालेल्या वॉर्सा नगरीच्या उभारणीसाठी १९४५ च्या फेब्रुवारीत राजधानी-पुनर्निर्माणाची स्वतंत्र कचेरी कशी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला निघालेल्या फर्मानाने नगरहद्दीतील सारी जमीन नगरपालिकेच्या मालकीची कशी झाली, हे मागील लेखांकात आपण पाहिले. जमिनीवरील खासगी हक्क असा एका हुकुमाने मावळल्यावर नगररचनाकारांच्या हाती जे असामान्य स्वातंत्र्य आले, त्याचे गुण आणि दोष दोन्ही ज्या एका वास्तूत स्पष्ट दिसतात, ते विस्तुला नदीच्या उजव्या तीरावरील ‘दशवर्षपूर्ती क्रीडांगण’ हा आजचा विषय होय.

पोलंडच्या साम्यवादी राजवटीचा जाहीरनामा २२ जुलै १९४४ रोजी निघाला, आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या बांधकामाची मुदत त्याच तिथीला येऊन ठेपू लागली. नदीपलीकडे जाणारा पूर्व-पश्चिम महामार्ग १९४९ साली, मार्शावकोव्स्का रस्त्यावरील कामगारवसाहत १९५२ साली आणि जुन्या शहराचा चौक १९५३ साली, हे सारे २२ जुलैलाच खुले झाले. क्रीडांगणाचे उद्घाटन मात्र नावातील दशवर्षपूर्तीनंतर वर्षभराने, २२ जुलै १९५५ रोजी झाले. लगोलग त्याच महिन्याअखेर जागतिक युवक महोत्सव वॉर्सात भरावयाचा असल्यामुळे सुमारे अकरा महिन्यांत ते काम तडीस न्यावे लागले होते.

येझी हृन्येव्येत्स्की, मारेक लेयकाम आणि चेस्वाव रायेव्स्की या स्थापत्यविशारदांनी केलेली योजना, तो काळ स्तंभ, शिल्पे आणि भपकेदार दर्शनी भाग यांचा असतानाही, आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. उद्ध्वस्त शहरातून उपसलेल्या राडारोड्याचा त्यांनी लंबवर्तुळाकार भराव घातला, त्याच्या आतील उतारावर आसनांच्या ओळी मांडल्या आणि बाहेरील उतार हिरवळीने झाकला. सुमारे ७१ हजार प्रेक्षकांची सोय असलेली ही वास्तू त्यामुळे बाहेरून एखाद्या सखल टेकडीसारखी दिसे. प्रेक्षक भरावाच्या माथ्यावर चढत आणि तेथून आत, आपल्या जागेकडे उतरत. जे ढिगारे शहराबाहेर वाहून टाकणे हाच एक मोठा खर्च होता, तेच बांधकामाचे साहित्य ठरले. शिवाय पोन्यातोव्स्की पुलाच्या टोकाशी ही जागा निवडून आणि शेजारी स्वतंत्र रेल्वेस्थानक बांधून, उपेक्षित राहत आलेल्या प्रागा भागाला राजधानीच्या सार्वजनिक जीवनात स्थान देण्यात आले.

परंतु जी सत्ता लक्षावधींना एकत्र आणणारे स्थान निर्माण करते, तिला त्या स्थानातील प्रत्येक आवाजावर आपला अंमल चालावा असेही वाटते. ८ सप्टेंबर १९६८ रोजी, पक्षनेत्यांच्या उपस्थितीत सुगीचा राष्ट्रीय उत्सव चालू असताना, चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाचा निषेध म्हणून रिशार्द सिव्येत्स या गृहस्थाने याच क्रीडांगणात स्वतःला पेटवून घेतले. चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला आणि सरकारने ते वृत्त दडपले.

पुढे देखभालीची आबाळ होत गेली. १९८० नंतरच्या दशकात ही वास्तू खेळांसाठी निकामी ठरली, आणि १९८९ नंतर तिच्या भरावावर व भोवताली एक विशाल खुला बाजार भरू लागला. अखेर जुने बांधकाम पाडून तेथे राष्ट्रीय क्रीडांगण उभारले गेले, ते २०१२ मध्ये खुले झाले.

उद्घाटनाची तारीख ठरवणे कोणत्याही सरकारास सोपे असते, पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या निगराणीची तजवीज करणे ही खरी नगररचना होय. वॉर्साच्या रचनाकारांनी जागा अचूक हेरली आणि साहित्य चातुर्याने वापरले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. उणीव राहिली ती शासनाच्या दीर्घदृष्टीत, आणि क्रीडांगणे बांधू पाहणाऱ्या प्रत्येक शहराने ध्यानी घ्यावी अशीच ती आहे.

पुढील लेखांकात १९५५ च्या त्याच जुलैत पैलतीरावर खुल्या झालेल्या संस्कृती-प्रासादाचा विचार करू.