घरचे बी आणि पाकिटातले बी
वाण, संकर, बीटी आणि कलम : जालन्याच्या शिवारातून जीवशास्त्राची तोंडओळख

मृग नक्षत्र जवळ आले की जालन्यातील कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. तिथे तीन शब्द सतत कानावर पडतात : वाण, हायब्रीड आणि बीटी. बोलताना ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘बीटी वाण द्या’ असे म्हटले जाते आणि सोयाबीन घेतानाही ‘यंदा कोणते हायब्रीड चांगले’ अशी विचारणा होते. खरे तर बाजारात मिळणारे सोयाबीन हायब्रीड नसते, आणि बीटी हे वाणाचे नाव नाही.

ही केवळ शब्दांची गल्लत असती तर सोडून देता आली असती. पण तिची किंमत रुपयांत मोजावी लागते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून चालत असताना दरवर्षी नवी पिशवी विकत घेतली तर पैसा वाया जातो. उलट संकरित कपाशीची सरकी घरची म्हणून पेरली तर अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो. एक बी राखून ठेवता येते आणि दुसरे येत नाही, असे का? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या पण विसरून गेलेल्या काही संकल्पनांत आहे.

पेशीपासून सुरुवात

बी म्हणजे झोपी गेलेले रोप. टरफलाच्या आत एक इवलासा गर्भ असतो आणि त्याला उगवेपर्यंत पुरेल इतकी शिदोरी असते. हा गर्भ पेशींचा बनलेला असतो. बहुतेक पेशींच्या केंद्रकात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबलचक धागा, प्रथिनांभोवती गुंडाळलेला. या धाग्यावरचा एखादे प्रथिन कसे बनवायचे हे सांगणारा तुकडा म्हणजे जनुक.

गुणसूत्रांची संख्या त्या त्या जातीत ठरलेली असते. आपल्याकडे सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीत ५२, देशी कपाशीत २६, तुरीत २२ आणि माणसात ४६. संख्या जास्त म्हणून सजीव श्रेष्ठ, असा हिशेब इथे नसतो. ही गुणसूत्रे जोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, एक बापाकडून. परागकण आणि बीजांड तयार होताना जोडी फुटते व प्रत्येकात निम्मीच गुणसूत्रे जातात. फलनानंतर जोड्या पुन्हा पूर्ण होतात. पुढचे सारे गणित या वाटणीवर चालते.

इथे ‘जाती’ या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे. बाजारात ‘कपाशीच्या जाती’ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटे. जीवशास्त्रात जाती म्हणजे आपापसांत संकर होऊन पुढेही प्रजननक्षम संतती देणारा सजीवांचा गट. या अर्थाने देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी या दोन वेगळ्या जाती आहेत. दुकानातली बहुतेक पाकिटे मात्र एकाच जातीची असतात.

सरळ वाण : जसे पेरावे तसे उगवते

एकाच जातीतला, ठरावीक गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवणारा गट म्हणजे वाण. शेतकरी याला ‘सरळ वाण’ म्हणतात. सोयाबीनच्या फुलात परागीकरण बहुतांश त्याच फुलातल्या परागाने होते. अनेक पिढ्या असेच चालत आल्यामुळे जनुकांच्या जोडीतले दोन्ही भाग सारखे झालेले असतात. वाटणी कशीही झाली तरी संततीला तेच मिळते. म्हणून सोयाबीनचे घरचे बी पुढच्या वर्षी चालते.

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला ‘बीडीएन ७११’ हा तुरीचा वाणही सरळ वाणच. नावातले ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. पांढऱ्या दाण्याचा, लवकर तयार होणारा हा वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून आला. मात्र तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातला परागही घेऊन येतात. त्यामुळे तुरीत सोयाबीनपेक्षा सरमिसळ लवकर होते आणि शुद्ध बियाणे अधूनमधून नव्याने आणावे लागते.

घरचे बी राखायचे तर उगवण तपासणे मात्र आवश्यक. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मळणीत मार बसला की दाणा वरून चांगला दिसतो, पण आतला गर्भ जखमी झालेला असतो. पद्धत सोपी आहे. न निवडता १०० दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी आणि गोणपाट आठवडाभर ओलसर ठेवावे. ७० किंवा अधिक दाण्यांना सुदृढ कोंब आले तर बी पेरणीयोग्य. त्यापेक्षा थोडे कमी आले तर एकरी बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी आले तर ते बी पेरू नये.

संकर : पहिल्या पिढीची कमाल

जालन्याची ओळख बियाण्यांचे शहर अशी झाली ती मुख्यतः संकरित बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस, ‘एच-४’, १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला होता. जगातले बहुतेक कापूस उत्पादक देश आजही सरळ वाण पेरतात. भारतात मात्र कपाशी म्हणजे हायब्रीड, असेच समीकरण झाले.

संकर करणे हे हाताचे काम. कपाशीचे फूल सकाळी उमलते. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी हेरून तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातला पराग आणून तिला लावायचा. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. अशी एकेक कळी हाताळल्यावर जी सरकी मिळते ती संकराची पहिली पिढी. तिच्यात दोन्ही पालकांचे गुण एकत्र येतात, झाडे एकसारखी असतात आणि अनेकदा दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघतात.

मग या झाडांची सरकी का पेरायची नाही? याचे उत्तर ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून दिले. त्यांनी उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी झाडे उंच निघाली. त्याच झाडांचे बी पेरल्यावर मात्र दर चार झाडांमागे साधारण एक झाड बुटके आले. बुटकेपणाचे जनुक पहिल्या पिढीत नाहीसे झाले नव्हते, झाकले गेले होते. उंचीचे जनुक प्रभावी, बुटकेपणाचे अप्रभावी.

हे झाले एका गुणाचे. कपाशीच्या संकरात असे असंख्य जनुक वेगवेगळ्या जोड्यांत असतात. पुढच्या पिढीत ते सगळे नव्याने वाटले जातात. म्हणून शेतात एक झाड उंच, एक खुजे, एकाची बोंडे मोठी, एकाची लहान, एक लवकर फुटणारे, एक उशिरा, असा प्रकार होतो. बियाणे खराब झाले म्हणून असे होत नाही. आनुवंशिकतेच्या नियमाप्रमाणेच होते. विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ मध्ये यासाठी दोन शब्द दिले. सजीव जसा दिसतो तो ‘फिनोटाइप’ आणि त्याच्या आत जनुकांची जी रचना असते ती ‘जीनोटाइप’. संकरित कपाशीच्या शेतात दिसणारे रूप देखणे असते, पण बियाण्यातून पुढे जाते ती आतली रचना.

बीटी : एका जिवाणूचे जनुक

बीटी हा वाणही नाही आणि संकरही नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूच्या नावाचे ते संक्षिप्त रूप आहे. या जिवाणूतले एक जनुक कपाशीच्या डीएनएमध्ये बसवले की कपाशीच्या पेशी एक विशिष्ट प्रथिन बनवू लागतात. बोंडअळीने पान किंवा बोंड कुरतडले की ते तिच्या आतड्यात जाते, आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटण्यासाठी लागणारी जागाच नसते.

मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी संकरांना देशात लागवडीची परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचे बियाणे आले. म्हणजे पाकिटातली कपाशी एकाच वेळी दोन गोष्टी असते : दोन वाणांचा संकर, शिवाय बीटी जनुक असलेली. हे प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. ‘बीटी आहे, आता काही बघायला नको’ हा समज म्हणूनच महागात पडतो.

अळीला ‘सवय’ होत नाही

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून ‘अळीला बीटीची सवय झाली’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. त्यात एक मूलभूत चूक आहे. एकटी अळी बीटी खाऊन खाऊन सरावत नाही. लाखो अळ्यांत काही मोजक्या अळ्यांमध्ये असे जनुक आधीपासून असते, की त्यांच्यावर विषाचा परिणाम होत नाही. बाकीच्या मरतात, या वाचतात आणि त्यांचीच पिल्ले वाढतात. पिढीगणिक त्यांचे प्रमाण वाढत जाते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या होणारा हा बदल म्हणजे उत्क्रांती.

म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगरबीटी बियाण्याची पिशवी दिली जात असे. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संयोग विषाला दाद न देणाऱ्या पतंगांशी व्हावा आणि तसे जनुक पुन्हा झाकले जावे, असा तो विचार होता, मेंडेलचेच गणित. अनेक शेतांत ती पिशवी पेरलीच गेली नाही. त्यात पाणी देऊन फरदड ठेवल्याने गुलाबी अळीला महिनोन्‌महिने खाद्य मिळत राहिले.

हाच नियम दवाखान्यातही लागू पडतो. प्रतिजैविके वारंवार, विनाकारण किंवा स्वतःच्या मनाने घेतली की ‘शरीराला औषधाची सवय होते’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात शरीराला काही होत नाही; औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात आणि वाढतात. ते दुसऱ्या माणसाकडेही जातात, म्हणून एकाची चूक घरातल्या दुसऱ्याला भोवू शकते.

मोसंबीची वेगळी वाट

२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी या सगळ्याहून निराळी. तिथे बी पेरून बाग लावत नाहीत. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. डोळ्यात मातृवृक्षाचेच जनुक असल्याने वाढणारी फांदी त्याची हुबेहूब प्रत असते. जीवशास्त्रात याला क्लोन म्हणतात. खुंट लिंबाचा असला तरी फळ मोसंबीचेच लागते, कारण दोघांच्या पेशी शेजारी राहतात पण जनुकांची सरमिसळ होत नाही. मात्र मातृवृक्षाचे गुण जसे येतात तसे त्याचे रोगही येतात. ग्रीनिंगसारखा रोग डोळ्यावाटे प्रत्येक कलमात पोचू शकतो. म्हणून रोपवाटिकेत कलमाची उंची पाहण्याआधी मातृवृक्ष निरोगी होता का, हे विचारायला हवे.

बियाण्याच्या दुकानातही असेच दोन प्रश्न पुरेसे आहेत : हा सरळ वाण आहे की संकर? आणि बीटी असेल तर ते कोणत्या किडीसाठी? पहिल्याच्या उत्तरावरून घरात बी ठेवायचे की नाही ते ठरते, दुसऱ्यावरून शेतात लक्ष कशावर ठेवायचे ते.