कौलारू घराला नवे रूप देताना

बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी या भागांत बैठी कौलारू घरे अजून उभी आहेत. घरात राहणारे बहुतेक साठी-सत्तरीचे, मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला. दिवाळीला सगळे जमले की विषय निघतो, घर पाडून वर मजले चढवायचे का? जागा खरोखरच अपुरी पडत असेल तर तो हिशेब वेगळा. पण पुष्कळदा तक्रार एवढीच असते की घर जुनाट दिसते. तेवढ्यासाठी घर पाडायची गरज नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ‘रँच’ पद्धतीची लांबट, बैठी घरे फार बांधली गेली. तिकडेही लोक ती ठेवून दर्शनी भाग बदलून घेतात.

आधी रस्त्यावर उभे राहून आपल्याच घराकडे नीट पाहावे. जुनाट दिसते ते बहुधा मूळ घर नसते, नंतर चिकटवलेल्या वस्तू असतात. सोप्यापुढे ठोकलेला पत्रा, त्यावरची जाड जाळी, दर लग्नाला दिलेला वेगळा ऑइलपेंट, भिंतीवरून लोंबणाऱ्या वायरी. हे काढले की निम्मे काम होते, आणि खर्चही सर्वांत कमी. फक्त सिमेंटचा जुना पत्रा फोडू किंवा कापू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो ओला करून अख्खाच उतरवावा.

यानंतर छप्पर. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. ही कौले एकमेकांत खाचेने अडकतात आणि दोन पिढ्या सहज टिकतात. बिघडतात ते वासे आणि रिपा. म्हणून कौले उतरवून घासून घ्यावीत, वाळवी लागलेले लाकूड बदलावे, आणि मृग लागण्याआधी शाकारणी पुरी करावी. फुटलेल्यांच्या जागी जुन्या घरांची उतरवलेली कौले मिळाली तर उत्तम, रंग जुळतो. मधल्या अंधाऱ्या खोलीवर दोन-चार काचेची कौले घातली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. कौलांखाली फॉल्स सीलिंग मात्र करू नये. गळती कुठे आहे ते कळत नाही, आणि कळते तेव्हा वासा गेलेला असतो.

खरी फसगत होते ती भिंतींच्या बाबतीत. दगड-मातीच्या किंवा जांभ्याच्या जुन्या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीला वाट राहत नाही. ती आतल्या बाजूला येते, लोणा फुटतो, पोपडे पडतात. मग दर दोन वर्षांनी रंगारी! गवंडी ‘सिमेंट पक्के’ म्हणणारच, कारण ते लवकर उरकते. आपण चुन्याचाच आग्रह धरावा. काम हळू होते, गिलावा काही दिवस ओलसर ठेवावा लागतो, पण भिंत कोरडी राहते. वर चुन्याची सफेदी पातळ हातांनी तीनदा. हवी तर त्यात पिवडी किंवा नीळ. जोत्याला गडद रंग आणि वर एकच फिका रंग दिला तर घर रुंद आणि नेटके दिसते.

दारे-खिडक्यांचे सागवान वीस थरांच्या रंगाखाली दडलेले असते. ते उघडे करून तेल दिले तर वेगळी सजावट लागत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते (घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली), म्हणून ओले करून खरवडावे आणि नातवंडांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे.

शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल्स बसवण्याचा मोह टाळावा. जमीन वर येते, दारे घासतात, उंबरठा बुडतो, आणि ओल्या पायाने आजी घसरते. शहाबादी पुन्हा घासून घेता येते.

आता पैशाचे, कारण तो माझा विषय. घर भावाभावांच्या नावावर असेल तर आधी उतारा काढून सर्वांची लेखी संमती घ्यावी. नाहीतर काम अर्ध्यावर असताना वाद निघतो, आणि बँकही कागद पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पर्सनल लोनपेक्षा घरदुरुस्ती कर्ज साधारणपणे स्वस्त पडते. मात्र राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते. दोन लाखांची मर्यादा खरेदी-बांधकामासाठी आहे. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही.

कंत्राटदाराला ठोक रकमेवर काम देऊ नये. मोजमापावर दर ठरवावा, झालेल्या कामाचे पैसे द्यावेत, आणि छपराच्या कामाचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत आपल्या हाती ठेवावेत. हे कामाआधी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. भिंत हलवायची किंवा खोली वाढवायची असेल तर महानगरपालिकेची परवानगी लागते. वायरिंग बदलायचे असेल तर ते गिलाव्याच्या आधी.