वरची ओळ आधी

सर्व्हर सांगलीत, हळदीच्या एका पेढीत. 2019 च्या पुरानंतर तो वरच्या मजल्यावर गेला. मी साताऱ्याच्या शाखेत. मधे कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कोणी, कुठून आणि कोणत्या नावाने शिरायचं, हे पीजी-एचबीए नावाच्या साध्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. यादी वरून खाली वाचली जाते. जुळणारी पहिली ओळ लागू. तिथे पासवर्ड चुकला तरी पुढची ओळ बघितली जात नाही.

काही वर्षांपूर्वी पीजीअ‍ॅडमिनमधून, म्हणजे डेटाबेसच्याच जोडणीवरून, मी ही फाइल दुरून 'नीटनेटकी' केली. आमच्या शाखेची ओळ तळाशी गेली, 'बाकी सगळ्यांना नकार' या ओळीच्याही खाली. रीलोड केलं. माझं काम चालूच, कारण आधीच आत असलेल्यांना रीलोड बाहेर काढत नाही. संध्याकाळी खिडकी मिटून घरी गेलो.

सकाळी बिलं निघेनात. मलाही शिरता येईना. किल्ली आत ठेवून कुलूप मीच ओढलं होतं.

पेढीतल्या मुलाला फोनवर ओळ सांगितली. त्याने पत्त्यापुढची तिरकी रेघ आणि तिच्यापुढचे बत्तीस, दोन्ही गाळले. रीलोड केलं, काहीच बदललं नाही. फाइल चुकीची असली की पोस्टग्रेस मुकाट जुनेच नियम चालवतं आणि तक्रार फक्त लॉगमध्ये लिहितं.

"दादा, बंद करून चालू करू का?"

"हात लावू नकोस!" तसल्या फाइलवर रीस्टार्ट केलं असतं, तर डेटाबेस उठलाच नसता. जे सांगलीतून चालत होतं, तेही गेलं असतं.

एसटीने गेलो. हाताने ओळ वर घेतली. दोन मिनिटं.

तरी हातानेच करावं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीची दुसरी चूक हाताचीच होती. आता मी एसएसएचच्या वेगळ्या वाटेने जातो. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून फाइलमधल्या ओळी चुकांसकट दाखवणारा व्ह्यू आहे. तो बघितल्याशिवाय रीलोड नाही. दुरून फाइल लिहू देणारं अ‍ॅडमिनपॅक 2024 च्या सतराव्या आवृत्तीत काढून टाकलं. मला तरी हळहळ वाटली नाही.

बदल केला की जुनी खिडकी उघडीच ठेवतो. शाखेतली बाई नव्याने लॉगिन करते. "शिरले," म्हणाली की मगच खिडकी मिटतो.