नळीतून जेवण: डबा कोणता, पाणी किती?

अर्धांगवायूचा किंवा घशाच्या कर्करोगाचा रुग्ण दवाखान्यातून घरी येतो तो पुष्कळदा नाकात नळी घेऊनच. दर दोन-तीन तासांनी नळीतून द्या, एवढे सांगितलेले असते. काय द्यायचे, हा प्रश्न घरी आल्यावर पडतो. शेजारीपाजारी पेज, वरणाचे पाणी, शहाळे सुचवतात. औषधाच्या दुकानात पावडरींचे महागडे डबे मांडलेले असतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, खताचे पोते घेताना आपण त्यावरचे आकडे वाचतो. डब्यावरचेही वाचावेत. उष्मांक किती आणि प्रथिने किती, हे दोन आकडे मुख्य. गंभीर आजाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण २५ ते ३० उष्मांक आणि सव्वा ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२५० ते १५०० उष्मांक व ६० ग्रॅमच्या वर प्रथिने. नळीसाठीच्या साध्या तयार अन्नात एका मिलिलिटरला सुमारे एक उष्मांक असतो, तेव्हा दिवसाला सव्वा ते दीड लिटर द्यावे लागते. वरणाच्या निवळीने हा हिशेब जुळत नाही. पोट भरल्यासारखे वाटते आणि माणूस मात्र वाळत जातो.

डबा लवकर संपू नये म्हणून चमचे कमी आणि पाणी जास्त, हे तर घरोघर चालते. निम्मी पावडर घातली की निम्मेच अन्न पोटात जाते! दुसरी फसगत नुसत्या प्रथिनांच्या पावडरीची. ती पूरक असते, संपूर्ण आहार नव्हे.

रोगाप्रमाणेही डबा बदलतो. मूत्रपिंड बिघडलेल्याला पोटॅशियम व फॉस्फरस कमी असलेले अन्न लागते, म्हणून शहाळे आपल्या मनाने देऊ नये. डायलिसिस चालू असलेल्याला प्रथिने मात्र कमी करून चालत नाही. मधुमेह्यासाठी पिष्टमय भाग कमी असलेले, पाणी मोजून द्यायचे असेल तर दीड-दोनपट घट्ट, पचन फारच मंदावले असेल तर अर्धवट पचवलेल्या प्रथिनांचे, असे प्रकार मिळतात. साधे चालत असेल तर उगीच महाग घेऊ नये.

घरचे अन्नही चालते. दूध, मऊ शिजवलेला डाळ-भात, तेल, साखर मिक्सरमधून काढून फडक्याने गाळावे, नाहीतर नळी तुंबते. प्रमाण मात्र आहारतज्ज्ञाकडूनच घ्यावे.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर देणे जिवावर बेतू शकते. रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय दगा देते. १९४५ मध्ये छावण्यांतून सुटलेले काही उपाशी कैदी अन्न मिळाल्यावर असेच दगावले. म्हणून सुरुवात थोड्याने, डॉक्टरांच्या नजरेखाली करावी.

पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावी. कालवलेले अन्न चार तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. देताना व नंतर तासभर डोके-छाती उंच ठेवावी, शेवटी थोडे पाणी सोडून नळी धुवावी. खोकला, धाप लागली किंवा नळी सरकलेली दिसली तर देणे थांबवून दवाखाना गाठावा.

जिल्हा रुग्णालयातून किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या आहारतज्ज्ञाला भेटावे आणि डबा कोणता, किती पाण्यात किती चमचे, दिवसातून किती वेळा, हे कागदावर लिहून घ्यावे.