पलटी मारून ऐका!

एक काम करा. समोरच्या बेंचवर दोनदा तळहात आपटा आणि एकदा टाळी वाजवा. धप-धप-टाळी. पुन्हा एकदा. धप-धप-टाळी. तिसऱ्या खेपेला शेजारचा सामील होईल आणि पाचव्या खेपेला मागच्या रांगेतून कुणीतरी गायला लागेल. क्वीनचं 'वी विल रॉक यू'! गॅदरिंग असो नाहीतर इंटर-कॉलेज क्रिकेटची फायनल, जन्मात इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्यालाही हा ठेका येतो.

आता गंमत ऐका. १९७७ मध्ये हे गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं, तेव्हा ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. पुढे मान मिळाला होता 'वी आर द चॅम्पियन्स'ला. म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडचं, अख्ख्या जगाच्या स्टेडियम्सना पाठ असलेलं हे गाणं चक्क 'बी-साइड' आहे!

बी-साइड म्हणजे काय रे भाऊ?

तुमच्यापैकी बहुतेकांनी रेकॉर्ड पाहिली असेल ती कॅफेच्या भिंतीवर टांगलेली. म्हणून थोडा इतिहास. १९४९ मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीनं सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी आणली. तिच्या एका बाजूला जेमतेम एक गाणं मावायचं. अख्ख्या अल्बमचे पैसे खिशात नसलेली पोरं ही तबकडी घ्यायची. ज्या गाण्यासाठी ती विकत घेतली जायची, ते ए-साइडवर. पण तबकडीला दुसरी बाजू असतेच आणि ती कोरी ठेवून कसं चालेल? मग तिथे काहीतरी भरायचं. हे 'काहीतरी' म्हणजे बी-साइड.

कंपन्यांना या बाजूचं फारसं कौतुक नव्हतं. उलट कधीकधी तिची भीतीच वाटायची. रेडिओवाल्यानं चुकून मागचं गाणं वाजवलं तर? फिल स्पेक्टर नावाच्या बड्या प्रोड्युसरनं यावर नामी उपाय काढला होता. तो बी-साइडवर मुद्दाम स्टुडिओतल्या वादकांनी टाइमपास म्हणून वाजवलेलं काहीही टाकायचा. तबकडी उलटायचा मोहच व्हायला नको!

पैशांचं गणित मात्र वेगळंच होतं. तबकडी एक, विक्री एक, त्यामुळे मागच्या गाण्याच्या लेखकालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी. क्वीनच्याच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागे ड्रमर रॉजर टेलरचं 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार' हे गाणं आहे. ते तिथे लागावं म्हणून टेलर कपाटात जाऊन बसला होता, हा किस्सा प्रसिद्धच आहे. सिनेमात त्यावरून झालेली चेष्टा तुम्ही पाहिली असेल. पण त्या चेष्टेमागे चांगलाच घसघशीत चेक होता.

कुणाचं लक्ष नाही ना? मग करू या!

आता मुद्द्याचं. दुर्लक्षित बाजूला चांगली गाणी गेलीच कशी?

सबमिशनच्या वहीचं शेवटचं पान आठवा. पुढची पानं सरांसाठी. शेवटच्या पानावर मात्र चित्रं, टोपणनावं, अर्धवट कविता, फुली-गोळा. खरे तुम्ही त्याच पानावर असता. बी-साइड हे बँडचं शेवटचं पान होतं. तिथे हिट व्हायचं ओझं नाही, त्यामुळे कलाकार बिनधास्त प्रयोग करायचे.

बीटल्सचंच बघा. १९६६ च्या 'पेपरबॅक रायटर'च्या मागे त्यांचं 'रेन' होतं. त्यात शेवटी शेवटी जॉन लेननचा आवाज चक्क उलटा वाजतो. आज तुमच्या फोनवरचं अ‍ॅप हे दोन सेकंदांत करेल, पण तेव्हा टेप खरोखर उलटी फिरवावी लागायची. आणि त्यांची दुसरी एक बी-साइड तर थेट मुंबईत तयार झाली आहे.

जानेवारी १९६८. जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' नावाच्या इंग्रजी सिनेमाचं संगीत करण्यासाठी मुंबईला आला होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काम चाललं होतं. बाहेरच्या ट्रॅफिकचा आवाज आत यायचा, पण वादक एकाहून एक सरस. सिनेमाचं काम करता करता त्यानं तिथेच आणखी एक चाल रेकॉर्ड केली. सरोदवर आशिष खाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. लंडनला परतल्यावर त्यावर त्यानं आपला आवाज चढवला, शब्द घेतले ते प्राचीन चिनी 'ताओ ते चिंग'मधून. गाण्याचं नाव 'द इनर लाइट'. त्याच वर्षी मार्चमध्ये ते 'लेडी मडोना'च्या मागे लागून बाजारात आलं, तेव्हा जॉर्ज स्वतः हृषीकेशला आश्रमात होता. बीटल्सच्या सिंगलवर झळकलेलं त्याचं हे पहिलं गाणं, आणि तेही मागच्या बाजूला. फोर्टातून जाताना एकदा कानात हे लावून बघा. गिटार नाही, ड्रम्स नाहीत, आणि तरी हे बीटल्स आहेत.

कधीकधी मात्र ऐकणारेच कंपनीला चूक दाखवून देतात. १९७८ मध्ये ग्लोरिया गेनरचं 'सब्स्टिट्यूट' हे गाणं ए-साइड म्हणून निघालं. मागे होतं 'आय विल सर्व्हाइव्ह'. पाठीच्या ऑपरेशननंतर कमरेला आधाराचा पट्टा बांधून ती ते गायली होती. न्यूयॉर्कच्या डिस्कोमधल्या डीजेंनी तबकडी उलटली, गर्दी नाचायला लागली आणि १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरला पोहोचलं. आज 'सब्स्टिट्यूट' कुणाला आठवतंय?

तिचं गाणं मागच्या बाजूला

पण मला सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट आहे ती 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'ची.

१९७६ साल. फ्लीटवूड मॅक हा बँड 'रूमर्स' हा अल्बम रेकॉर्ड करत होता. बँडमधली एक जोडी घटस्फोट घेतलेली, दुसरी ब्रेकअप झालेली. स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम ही ती दुसरी जोडी. नातं तुटलं होतं, पण रोज एकाच स्टुडिओत काम करायचं होतं. आपल्या ग्रुपमधल्या कपलचं ब्रेकअप झाल्यावर प्रोजेक्ट मीटिंगमध्ये काय वातावरण असतं, ते आठवा आणि त्याला दहानं गुणा. लिंडसीनं तिच्यावर गाणं लिहिलं, 'गो युअर ओन वे'. तिनं त्याच्यावर लिहिलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'. हायवेवर दिसलेल्या एका पाटीवरचं नाव तिला आवडलं होतं. या गाण्याचे हक्क तिनं आपल्या आईला भेट म्हणून देऊन टाकले.

आणि मग गाणं अल्बममधून उडालं. कारण? लांबी! एलपीच्या एका बाजूला साधारण बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज बारीक होतो. काहीतरी काढायलाच हवं होतं. स्टीव्हीला ही बातमी स्टुडिओच्या पार्किंगमध्ये सांगण्यात आली आणि ती तिथेच किंचाळली, असं तिनं नंतर सांगितलंय. तिच्या गाण्याला जागा मिळाली ती 'गो युअर ओन वे'च्या मागे. बघा हं, एकाच तबकडीवर एकाच ब्रेकअपचे दोन जबाब. फक्त त्याचा पुढे आणि तिचा मागे.

'रूमर्स' कोट्यवधी खपला. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' त्यात नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्हीनं ते आपल्या स्वतःच्या संग्रहासाठी मागितलं. ड्रमर मिक फ्लीटवूडनं नकार दिला आणि ती बँड सोडून गेली. एका बी-साइडसाठी!

१९९७ मध्ये हे पाचही जण 'द डान्स' या लाइव्ह कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले. त्यात 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' होतं. शेवटाकडे स्टीव्ही वळते, लिंडसीकडे थेट बघत गाते आणि नजर हटवत नाही. तोही बघत राहतो, वाजवत राहतो. वीस वर्षांपूर्वी मागच्या बाजूला ढकललेलं तिचं म्हणणं त्याला समोर उभं राहून, प्रेक्षकांच्या देखत ऐकावं लागतं. या गाण्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं. आईला दिलेल्या भेटीचंही चीज झालं. तेव्हा जन्मही न झालेली मुलं-मुली आज ही क्लिप एकमेकांना पाठवत असतात.

तिचं गाणं कमी दर्जाचं आहे, असं कुणीच म्हणालं नव्हतं. मिनिटांचा हिशेब बसत नव्हता, इतकंच. बाजूला पडलेल्या गोष्टींबद्दल आपण फार पटकन गृहीत धरतो, की त्यात काहीतरी उणं असणारच. एकांकिकेच्या फायनल कास्टमधून वगळलेल्या कुणालाही विचारा.

पेन्सिल, सेल आणि दुसरी बाजू

माझी बी-साइडशी मैत्री झाली ती कॅसेटवर, आणि खरं सांगायचं तर कंजूषपणामुळे. वॉकमनचे सेल महाग. रिवाइंड केलं की ते धपाधप उतरायचे. मग एक तर कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून गरागरा फिरवा, नाहीतर बी-साइड शेवटपर्यंत ऐका, म्हणजे ए-साइड आपोआप सुरुवातीला येते! आळस आणि काटकसर या दोन गुणांमुळे मी दुसरी बाजू ऐकत गेलो. पहिल्यांदा आवडायची नाही. सातव्या-आठव्यांदा कधीतरी बसमध्ये तीच चाल गुणगुणतोय, हे लक्षात यायचं.

आता हे घडणं अवघड झालंय. डाउनलोडच्या जमान्यात गाण्याला मागची बाजूच उरली नाही, आणि दहा सेकंदांत गाणं आवडलं नाही तर अंगठा तयारच असतो. 'बी-साइड' हा शब्द मात्र जिवंत आहे. तुमच्यातल्या के-पॉपवेड्यांना विचारा. टायटल ट्रॅक सोडून अल्बममधलं कुठलंही गाणं त्यांच्या भाषेत बी-साइडच असतं, आणि खरा फॅन कोण हे त्यावरूनच ठरतं.

ओएसिसचे फॅन तर हे फार आधीपासून जाणून आहेत. जुलै २०२५ मध्ये कार्डिफला गॅलाघर बंधू सोळा वर्षांनी एकत्र स्टेजवर आले, तेव्हा दुसरंच गाणं होतं 'अ‍ॅक्विएस', म्हणजे १९९५ मधली एक बी-साइड. त्या रात्री अशी पाच गाणी झाली. ती तेव्हा मागच्या बाजूंना उधळण्याऐवजी पुढच्या अल्बमसाठी राखून ठेवायला हवी होती, असं नोएलनं अनेकदा बोलून दाखवलंय. त्यांतलंच एक 'द मास्टरप्लॅन'. ते कुठल्या गाण्याच्या मागे होतं माहितेय? हॉस्टेलच्या प्रत्येक गिटारवर वाजणाऱ्या 'वंडरवॉल'च्या! आणि हा 'वंडरवॉल' शब्द नोएलनं उचलला तो जॉर्ज हॅरिसनच्या त्या अल्बमवरून, ज्याचा बराच भाग फोर्टातल्या स्टुडिओत वाजला होता.

सगळ्याच बी-साइड हिरे असतात, असं मी अजिबात म्हणणार नाही. पुष्कळशा निव्वळ भरताड आहेत, आणि काही ऐकून तर कंपनीचं बरोबर होतं असंच वाटतं. पण ते ठरवायचं कुणी? अ‍ॅपनं, की तुम्ही?

म्हणून आज घरी जाताना एवढंच करा. आवडत्या कलाकाराच्या पेजवर सगळ्यात वर असलेली पाच गाणी सोडा. खाली सिंगल्सच्या यादीत जा, एखादं जुनं सिंगल उघडा आणि दुसरं गाणं लावा. अंगठा खिशात. गाणं संपेपर्यंत.

सुरुवात कुठून कराल?

● बीटल्स : 'रेन' (१९६६), 'द इनर लाइट' (१९६८)
● बीच बॉइज : 'गॉड ओन्ली नोज' (१९६६). अमेरिकेत हेही मागच्या बाजूला होतं!
● फ्लीटवूड मॅक : 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'. आधी १९७६ चं ऐका, मग १९९७ चं बघा
● द स्मिथ्स : 'हाउ सून इज नाऊ?' (१९८४)
● ओएसिस : 'द मास्टरप्लॅन' (१९९८). बी-साइड्सचा अख्खा अल्बम

आणि नाहीच आवडलं तर? सोप्पंय. पुन्हा पलटी मारा!