घाटातला रविवार

साताऱ्यात सप्टेंबर महिन्यात हिल हाफ मॅराथॉन भरते. अंतर 21 किलोमीटरहून थोडं जास्त, आणि त्यातलं जवळजवळ अर्धं चढाचं. पोलीस परेड ग्राउंडवरून सुरुवात, मग पोवई नाका, गावातला रस्ता, समर्थ मंदिर, बोगदा आणि पुढे यवतेश्वरचा घाट. वर कासच्या रस्त्यावर थोडं पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. 2012 पासून ही स्पर्धा होते आहे. 2015 साली डोंगरावरच्या धावेत सर्वांत जास्त लोक उतरल्याबद्दल तिची गिनीज बुकात नोंदही झाली.

गेल्या सप्टेंबरात आमच्या कोल्हापूरच्या घरातून तिघं या घाटात धावलो. मी, माझी वीस वर्षांची मुलगी आणि माझा धाकटा भाऊ. सोबत रंकाळ्यावर पहाटे भेटणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणी होत्या. त्यातली एक शाळेत शिकवते, एक नर्स आहे आणि एक घरी शिवणकाम करते. शिवाय गाडीत न धावणारी मंडळी होती आणि सगळ्यांत जास्त सामान त्यांचंच होतं: मुलांचे अब्बा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

हे सगळं शौक म्हणून सुरू झालं नव्हतं. मी 41 वर्षांची असताना रक्ततपासणीत एचबीएवनसी 6.2 आलं. या तपासणीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. 5.7 च्या खाली असली तर ठीक, 6.5 आणि त्यापुढे मधुमेह. मी दोहोंच्या मध्ये उंबरठ्यावर उभी होते. उंबरठ्यापलीकडे काय असतं हे आमच्या घराला चांगलंच ठाऊक होतं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी सासूबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. चप्पल लागून झालेली साधी जखम. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे दुखलंच नाही, आणि दुखलं नाही म्हणून कोणी पाहिलंही नाही. त्यांच्या पायाची पट्टी मी चार महिने बदलत होते. त्यामुळे डॉक्टरांनी रोज चाला म्हटल्यावर मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

आधी चालणं. मग दोन मिनिटं धाव, तीन मिनिटं चाल. रंकाळ्याची एक फेरी न थांबता धावायला मला पाच महिने लागले. त्यानंतर मैत्रिणी मिळाल्या आणि गप्पांच्या नादात अंतर वाढत गेलं. खरं तर ओळख हीच आहे: धावताना अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दम लागून शब्द तुटायला लागले तर हळू व्हायचं. घड्याळाची गरज नाही.

साताऱ्याचं ठरलं तेव्हा चार महिने हाताशी होते. घाटाचा सराव घाटातच करावा लागतो, म्हणून रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला जायचं. आणि इथं घरात खरा प्रश्न उभा राहिला. बूट महाग असतात, पण ते एकदा घ्यायचे. रविवारची सकाळ दर आठवड्याला मागावी लागते. आमच्या घरात त्या सकाळी नाश्ता, आठवड्याचे कपडे, सासूबाईंची साखर तपासणं आणि त्यांची गोळी, मुलाचा अभ्यास, आणि दर पंधरवड्याला कोणी ना कोणी पाहुणे. हे काम मी धावायला गेले म्हणून नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातं. मुलांच्या अब्बांनी ते घेतलं. सलग चार रविवार पोहे झाले. पाचव्या रविवारी मुलाने विचारलं, ‘‘अब्बा, तुम्हाला दुसरं काही येतं का?’’ मग उप्पीट आलं. सासूबाईंच्या साखरेची वही मात्र त्यांनी माझ्यापेक्षा नीट ठेवली, हे मान्य करायला हवं. ते बँकेत आहेत, रकाने आखल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

नातेवाइकांत कुजबुज झाली नाही असं नाही. फुफीसासूंचा फोन आला तो थेट सासूबाईंना. लग्नाच्या वयाची मुलगी घरात आणि आई रस्त्यावर पळते, लोक काय म्हणतील? तोवर सासूबाई या विषयावर कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे मलाही धाकधूक होती. त्या म्हणाल्या, ‘‘माझा अंगठा काढला तेव्हा तू बघायला आली होतीस ना? मग तिला पळू दे.’’ आणि फोन ठेवला. मला वेगळं काही त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पाण्याच्या बाटलीशेजारी पाच खजूर काढून ठेवलेले होते.

अशा वेळी आपल्याकडे दीनचं नाव पुढे केलं जातं, म्हणून एक गोष्ट सांगते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याबरोबर लावलेल्या शर्यतीची रिवायत आहे. प्रवासात दोघं धावले आणि आयशा (रजि.) पुढे गेल्या. पुढे केव्हातरी पुन्हा धावले, तेव्हा त्यांचं अंग भरलं होतं आणि प्रेषित (सल्ल.) जिंकले. मागच्या वेळची फेड झाली, असं ते म्हणाले. पती-पत्नीच्या हसण्याखेळण्याचा हा प्रसंग आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा.

पोशाखाचं विचाराल तर मुलगी आणि मी दोघी पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट, ट्रॅक पॅन्ट आणि डोक्याला स्कार्फ बांधून धावतो. स्कार्फ सुती नको. सुती कापड घाम पिऊन जड होतं आणि मान घासते. खेळाच्या टी-शर्टचं पातळ कापड आणून आमच्या शिवणकामवाल्या मैत्रिणीने बिनटाचणीचे स्कार्फ शिवून दिले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसनने मॅराथॉनचं सुवर्णपदक जिंकलं आणि ते घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली, तेव्हा मुलीने तो फोटो फ्रिजवर लावला. त्याच्या शेजारी ललिता बाबरचा फोटो आधीपासून आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ही दुष्काळी भागातली मुलगी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली होती.

शनिवारी सकाळी निघालो. कोल्हापूर ते सातारा साधारण 120 किलोमीटर. दुपारी स्पर्धेचे नंबर घेतले. छातीवर लावायच्या या कागदाला बिब म्हणतात. वेळ मोजणारी चिप त्यालाच असते, म्हणून घडी घालायची नाही. मुक्काम नणंदेकडे. तिने प्रेमाने बिर्याणीचा घाट घातला होता, आणि धावण्याच्या आदल्या रात्री तिखट-तेलकट खायचं नाही हे तिला सांगणं घाट चढण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी तह झाला: रात्री साधा भात आणि वरण, बिर्याणी रविवारी दुपारी. माझा भाऊ मात्र गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन आला. दुसऱ्या दिवशी अकराव्या किलोमीटरला त्याला ती भोवली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पहाटे फजरची नमाज झाली, एक केळं आणि चहा घेतला आणि बाहेर पडलो. रिमझिम पाऊस होता. सातारकरांचं कौतुक करायला हवं. इतक्या सकाळी लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुठे ढोल, कुठे शाळेची मुलं. समर्थ मंदिराच्या चढाजवळ आमची मंडळी आधीच येऊन थांबली होती. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची आणली होती. त्यांच्या मांडीवर खजुरांचा डबा, आणि त्या ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकापुढे तो धरत होत्या. बंदोबस्तावरच्या हवालदारालाही दिले म्हणे.

घाटात धुकं होतं. वाट जाऊन-येऊन एकच असल्यामुळे या स्पर्धेत मागचे-पुढचे सगळे एकमेकांना समोरासमोर भेटतात. हे मला फार आवडलं. मी चढत असताना भाऊ उतरत आला, पोटावर हात ठेवून. ‘‘आपा, वर वारा आहे, सांभाळून.’’ मग मुलगी दिसली. रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला लागली तशी मी ओरडले, ‘‘थांबू नकोस, जा!’’ ती गेली. तिची पाठ धुक्यात दिसेनाशी झाली तेव्हा मला एकदम भरून आलं. पाच वर्षांपूर्वी पट्ट्या बदलताना मी कापूस मागितला की हीच मुलगी दाराआडून हात पुढे करायची, जखमेकडे बघायची नाही.

उताराला लोक सोपा समजतात. तसं नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात, त्यामुळे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पावलं छोटी टाकायची आणि शरीर मागे झुकवायचं नाही. चौदाव्या किलोमीटरला आमच्या नर्स मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. मी तिच्याबरोबर थांबले. पाय ताणून दिला, घोट घोट पाणी प्यायलो आणि दोन किलोमीटर दोघी चालत आलो. माझी वेळ त्यात गेली, तीन तासांच्या आत यायचं होतं ते सात मिनिटांनी हुकलं. पण चार वर्षं पहाटे जी माझ्यासाठी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तिला घाटात सोडून पुढे जाण्यात मला काही अर्थ दिसला नाही. मुलगी 2 तास 34 मिनिटांत पोहोचली होती आणि आमची वाट पाहत पावसात उभी होती.

सोमवारी जिना उतरताना मी रेलिंगला धरून उलटी उतरले. मुलाने त्याचा व्हिडिओ काढला.

माझी साखर आता 5.6 वर आहे. ती केवळ धावल्याने उतरली असं मी म्हणणार नाही. रात्रीचा भात कमी केला, चहातली साखर बंद केली. आणि ज्या बहिणींना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावायला सुरुवात करू नये. व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते. पायाला बधिरपणा असेल तर आधी पाय तपासून घ्या, आणि रोज रात्री तळवे बघा. सासूबाई स्वतः आता संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतात, पायात मऊ बूट आणि हाताशी नातू.

साताऱ्याची नोंदणी काही महिने आधी सुरू होते आणि लवकर भरते. यंदा नणंदेनेही नाव घातलं आहे. रविवारची बिर्याणी आता कोण करणार, हा प्रश्न तिच्या नवऱ्यापुढे आहे.